डबा आपला, हात चंदूचा

चंदूचा चौथा ठोका नेहमी लवकर पडायचा. तीन ठोके अगदी घड्याळाबरहुकूम आणि चौथ्याच्या वेळी गड्याला कसली लगीनघाई व्हायची ते त्यालाच माहीत. धाकू गाणं अर्ध्यावर सोडून ओरडायचा, "मेल्या, खयची गाडी चुकतली तुझी?" तुळशीदास गिटारवरची बोटं तशीच ठेवून हसायचा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची, आणि चौथा ठोका पुन्हा लवकर पडायचा.

हे तिघे म्हणजे 'द ब्लू बोंबील्स'. नाव ऐकून हसू येत असेल तर हसून घ्या, त्या वेळी सगळा कोळीवाडा हसला होता. अंधेरी स्टेशनपासून समुद्राकडे निघालं की शेवटी जी शंभरेक घरांची वस्ती लागायची, तो हा कोळीवाडा. समोर खाडीचं तोंड, दक्षिणेला वाळू, वाळूच्या मध्ये समुद्रात घुसलेले काळे खडक, आणि त्या खडकांपलीकडे जुहूची मोठी हॉटेलं. १९७० साल होतं. चंदू सोळा वर्षांचा, महादू तांडेलाचा एकुलता एक मुलगा. तांडेल म्हणजे होडीचा मालक आणि सुकाणूवरचा माणूस. तुळशीदास त्याच्या शेजारच्या घरातला. धाकू मात्र कोळी नव्हता. त्याचे वडील मालवणकडचे, गिरणीत कामाला, आणि बिऱ्हाड अंधेरीच्या चाळीत. तिघांची गाठ शाळेत पडली आणि रेडिओवरच्या इंग्रजी गाण्यांनी ती पक्की केली. गाण्यातले अर्धे शब्द कुणालाच कळत नसत, पण धाकू ते अशा ऐटीत म्हणायचा की ऐकणाऱ्याला आपलंच इंग्रजी कच्चं वाटावं.

गिटार आणून दिली ती शिवदासने. शिवदास हा तुळशीदासचा थोरला भाऊ, महादूच्या होडीवर खलाशी. दिसायला आडदांड आणि मनाने लोणी. अंधेरीजवळच्या आंबोलीतल्या एका गोवेकराकडून त्याने ती जुनी गिटार उचलली आणि भावाच्या हातात ठेवून म्हणाला, "वाजव. पण माज्या हळदीला वाजवायला लागंल हां!" ढोलाचा जुगाड चंदूने केला. लग्नातल्या बँडवाल्याचा फुटका ढोल घेतला, त्याला नवं चामडं चढवलं. झांजेची एक टाळी दोरीने टांगली. आणि या सगळ्यात डाव्या हाताला एक गोष्ट बसवली, तीच या गोष्टीचं मूळ. ती होती सखुबाईचा डबा.

हा डबा काय प्रकार होता ते सांगायला हवं. हिवाळ्यात पहाटे समुद्रावर धुकं उतरलं की परतणाऱ्या होड्यांना किनारा दिसत नसे. अशा वेळी होडीवरचे लोक मशीन बंद करून कान लावत. आणि किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी, कुणीतरी पत्र्याचा मोठा डबा वाजवत राही. तो आवाज धरून होडी आत यायची. हे काम सखुबाईचं. नवरा समुद्राने नेल्यापासून तीसेक वर्षं ही म्हातारी प्रत्येक धुक्यात डबा वाजवत आली होती. वाजवून वाजवून त्याच्या बुडाला असा पोचा आला होता की त्यातून घोगरा, खोकल्यासारखा आवाज निघायचा. तसा डबा मुंबईत दुसरा नव्हता.

आता झालं असं, की पोरं सरावाला बसायची ती पहाटेच. तुळशीदासच्या घरचं सुकटीचं गोदाम खाडीच्या तोंडावर होतं आणि दिवसभर तिथे बायका मासळी निवडत. पहाटे मात्र ते रिकामं. साडेपाचला धाकू सायकलवरून यायचा आणि सहाला ठणाणा सुरू. एका सकाळी सखुबाई डबा घेऊन गोदामाच्या दारात उभी राहिली. पोरांना वाटलं, आता शिव्या. पण म्हातारी म्हणाली, "बरा झाला, तुमी रोज वाजवताव. माजं हात आता उचलत नाय. चंदू, यो डबा आता तुज्याकडं. वाजवशील ना रं?"

"हो आजी, वाजवीन की," चंदू म्हणाला. डबा हातात घेऊन त्याने एक काठी मारून पाहिली. तो घोगरा आवाज गोदामभर घुमला आणि धाकू टाळी देत ओरडला, "झकास! असला आवाज इंग्लंडात नाय मिळायचा!" म्हातारी काय देऊन गेली याचा तिघांनीही त्या दिवशी विचार केला नाही. पोरंच ती.

पुढची दोन वर्षं म्हणजे नुसती चंगळ. शिवदासच्या हळदीला ठरलेला बँडवाला दारू पिऊन आडवा झाला आणि ऐनवेळी पोरांना उभं केलं. त्यांनी कोळी गाण्याची चाल घेतली, खाली इंग्रजी ठेका घातला, आणि बायका पहाटेपर्यंत बसल्या नाहीत. नवरी शेवंतीसुद्धा हळदीच्या अंगाने नाचली. मग मढ, मनोरी, गोराई, जिथे हळद तिथे ब्लू बोंबील्स. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुख्याध्यापकांनी कानावर हात ठेवले आणि पोरांचा भाव आणखी वधारला. धाकूने केस वाढवले. तुळशीदासने आईची जुनी साडी फाडून तीन निळे शर्ट शिवून घेतले. कोळीवाड्यातली बारकी पोरं चंदूला 'ओ हिरो' म्हणून हाक मारू लागली.

फक्त एका माणसावर या सगळ्याचा काडीचा परिणाम नव्हता. महादू रोज सकाळी समुद्रावरून आला की गोदामाच्या दारात थबकायचा, आत बघायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "झाला का तमाशा?" बस, एवढंच. दोन वर्षांत त्याने मुलाच्या वाजवण्याबद्दल चौथा शब्द काढला नाही. शिवदासच्या हळदीत सगळं गाव नाचत होतं तेव्हा हा पाठ करून जाळं विणत बसला होता. चंदूला ती पाठ फार लागली. आपण मेलो तरी बापूस म्हणेल, झाला का तमाशा, असं तो आईला म्हणालाही. पुतळाबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच डोळे पुसले.

मग १९७२च्या जानेवारीत जुहूच्या एका हॉटेलने पोरापोरांच्या बँडची स्पर्धा ठेवली. जो जिंकेल त्याला मोसमभर दर रविवारी संध्याकाळी तिथल्या हिरवळीवर वाजवायला मिळणार होतं. चंदूने धीर करून बापाला विचारलं. महादूने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "जिंकलाव तर वाजव. नाय जिंकलाव तर शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी होडीवर. मंग वाजवण्याचा नाव नाय काढायचा. कबूल?"

"कबूल," चंदू म्हणाला. त्या क्षणापासून त्याला जगात त्या रविवारखेरीज काही दिसेना.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी हॉटेलच्या मॅनेजरने सगळ्या बँडना आळीपाळीने सकाळी सरावाला बोलावलं होतं. ब्लू बोंबील्सची पाळी सहाची. बुधवारी दुपारीच पोरांनी सगळं सामान हातगाडीवर घातलं. ढोल घेतला, झांज घेतली, आणि अर्थातच डबाही घेतला. डब्याशिवाय त्यांचा ठेका ठेकाच वाटत नसे. वाळूवरून, खडकांना वळसा घालून, हॉटेलपर्यंत गाडी ढकलत नेली. गोदाम रिकामं झालं. शिवदास तेव्हा होडीला रंग देत होता. त्याने ब्रश हलवून पोरांना विचारलं, "काय रं, घर सोडलाव काय?" आणि हसला. कुठे चाललोय ते न सांगताच पोरं हसत पुढे गेली.

गुरुवारी सकाळी तिघे हॉटेलवर पोचले तेव्हा धुकं असं दाट होतं की हिरवळीच्या कडेची माडाची झाडंही दिसेनात. समुद्र फक्त ऐकू येत होता. वेटर लोक स्वेटर घालून कप मांडत होते. हॉटेलचे स्पीकर माणसाच्या उंचीचे होते. असले स्पीकर पोरांनी फक्त सिनेमाच्या पडद्यावर पाहिलेले. मॅनेजरने स्वतः येऊन एक माइक ढोलाजवळ आणि एक डब्याजवळ ठेवला, तेव्हा चंदूच्या अंगावर काटा आला.

त्याने पहिला ठोका मारला आणि तो घोगरा आवाज धुक्यात लांबवर गेला. असा आवाज त्याने आजवर काढला नव्हता. तुळशीदासची गिटार भरून आली, धाकूचा गळा मोकळा सुटला, वेटर कप ठेवून उभे राहिले. पहिलं गाणं संपलं तसं त्यांनी दुसरं धरलं. दुसऱ्याच्या मध्यावर तुळशीदासने एकदम मान समुद्राकडे फिरवली.

"थांब रे! कोणतरी ओरडतंय."

"ओरडू दे ना यार," धाकू हसला. "आवडला असात!"

चंदूलाही काहीतरी ऐकू आलं होतं. पण सूर लागावा तसा हात लागला होता, आणि असा हात रोज लागत नाही. त्याने आणखी जोरात वाजवलं. गाणं संपल्यावर वेटरांनी टाळ्या वाजवल्या, मॅनेजर म्हणाला, रविवारी तुम्हाला सगळ्यात शेवटी ठेवतो, आणि धाकूने चंदूला उचलून घेतलं. चौथा ठोका त्या दिवशीही लवकरच पडत होता, पण कुणी त्याला बोललं नाही.

आठ वाजता धुकं विरळ होऊ लागलं. पुढच्या बँडला जागा हवी म्हणून पोरांनी सामान पुन्हा हातगाडीवर घातलं आणि गात गातच वाळूवरून परत निघाली. खडकांजवळ गर्दी दिसली. धाकू म्हणाला, मोठा मासा लागला बहुतेक. मग तुळशीदासला खडकांवर आडवी पडलेली होडी दिसली. तिचा रंग ताजा होता.

त्याने हातगाडीचा दांडा सोडला आणि तो धावत सुटला.

होडीवर चौघे होते. तिघे वर आले होते. शिवदासला पाण्यातून काढून वाळूवर ठेवलं होतं आणि त्याच्या अंगावर कुणीतरी आपलं लुगडं टाकलं होतं. त्याच्या नखांना अजून निळा रंग लागलेला होता. शेवंती त्याचे पाय चोळत होती. थंड झालेत, चोळायला पाहिजेत, असं ती प्रत्येकाला समजावून सांगत होती. आपण बघतोय ते खरं आहे, हे चंदूच्या डोक्यात शिरेना. कालच तर हा माणूस ब्रश हलवून हसला होता.

महादू थोडा बाजूला वाळूत बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. त्याने मान वर केली, पण मुलाकडे बघितलंच नाही. त्याची नजर मुलाच्या मागे गेली. हातगाडीवर, ढोलाच्या वर, दोरीने बांधलेला डबा होता. महादू त्या डब्याकडे बघतच राहिला. चंदू जवळ जाऊन "बाबा" म्हणाला, तरी त्याची नजर हटली नाही. हा काय बघतोय, ते चंदूला त्या दिवशी कळलं नाही.

ते कळलं चौथ्या दिवशी. म्हणजे बरोबर त्या रविवारी.

कोळीवाड्यात रीत होती की होडी बुडून माणूस गेला, तर तांडेलाने पंचांसमोर उभं राहून कसं झालं ते सांगायचं. टोपी काढून, सगळ्या गावाच्या देखत. देवळासमोर माणसं जमली. एका बाजूला शेवंती आणि तुळशीदासच्या घरची मंडळी. धाकूही आला होता, मागे सायकल धरून उभा. चंदू आईजवळ होता. पंचांमधला म्हातारा भीमराज पुढे झाला.

"महादू, बावीस वर्सं तू या खाडीत होडी आनतस. डोळं मिटून आनशील. खडकाव कसा गेलास?"

महादू टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. मशीन बिघडलं असं तो म्हणू शकला असता. लाटेने ढकललं म्हणाला असता तरी कुणी खोटं पाडलं नसतं. होडीवरचे बाकीचे दोघे खाली बघत होते.

"धुका होता," तो म्हणाला. "मशीन बंद केला, कान लावला. आपल्या डब्याचा आवाज आला. पर आला तो दक्षिणेकडशी. शिवदास बोलला, तांडेल, आवाज भलत्या बाजूनी येतंय, जरा थांबू. मीच बोललो, अरे, आपुनच उत्तरेला व्हावलोय. डबा काय चालत जातंय? सुकाणू फिरवला."

"दुसऱ्या कोनाचा डबा असंल," भीमराज म्हणाला. "हाटेलात काय काय वाजवतान."

"नाय." महादूने मान वर केली. "शिवदास पन ह्याच बोलला. मी त्याला बोललो, डबा आपला, हात चंदूचा. चौथा ठोका ऐक, लवकर पडतंय. दोन वर्सं मी त्याच ठोक्याव होडी आनतंय. धुका असो-नसो, सकाळी कान तिथंच असतंय माजा. दुनियेत कोनी तसा वाजवत नाय. माजा पोर मना बोलावतंय, नि मी थांबू?"

चंदूला आधी त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं. बापूस ऐकत होता. रोज ऐकत होता, इतकं की हजार आवाजांत त्याने हात ओळखला. तो आनंद पुरता छातीत भरायच्या आतच बाकीचं सगळं येऊन आदळलं, आणि त्याच्या कानात ती समुद्रावरची ओरड पुन्हा उठली. त्या ओरडीवर आपण जोरात वाजवलं होतं. होडी खडकावर बसल्यावरही आपण वाजवत होतो.

मागून सखुबाई काठी टेकत पुढे आली. "त्या सकाळी मी गोदामात गेलते," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "वाजत नाय म्हनून. डबा जाग्याव नव्हता. गावात दुसरा डबा सोदीपर्यंत..." मग तिने चंदूकडे पाहिलं. "तू हो बोलला होतास रं."

तुळशीदास उठला. चंदूला वाटलं, तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तुळशीदास स्वतःच्याच हातांकडे बघत होता. "मना ऐकू आला होता," तो म्हणाला. "भावाचा आवाज होता तो. मी थांब बोललो, नि मंग मीच वाजवत रायलो." आणि तो घरात गेला. थोड्या वेळाने घरातून लाकूड फुटल्याचा आवाज आला. गिटारच होती ती. धाकू तोवर सायकल घेऊन निघून गेला होता. तो पुन्हा कोळीवाड्यात आला नाही. पुढे वर्षभराने तो वडिलांच्या गिरणीत लागला, केस कापून, असं चंदूने ऐकलं. ब्लू बोंबील्सचं एवढंच झालं. भांडण नाही, तंटा नाही, एकमेकांशी शेवटचा शब्दही नाही.

पंचांनी महादूला दोष दिला नाही. चंदूला दंड मात्र केला. भीमराज म्हणाला, "तू होडीव नाय जायचा. धुका पडला का डबा तूच वाजवायचा. जिवंत हायस तवर." चंदूने मान हलवली. त्याला ती शिक्षा फाशीसारखी वाटली.

गेलेल्या खलाशाच्या जागी त्याच घरातला माणूस होडीवर जातो, ही तिथली दुसरी रीत. शिमग्यानंतर महादूची होडी दुरुस्त होऊन पाण्यात गेली तेव्हा शिवदासच्या जागी तुळशीदास बसला. चंदूशी तो बोलत नसे. समोरून आला तर बाजूने जाई.

डिसेंबरात पहिलं धुकं उतरलं. चंदू खाडीच्या तोंडाशी डबा घेऊन उभा राहिला. हात वर होईना. पाठीमागे पुतळाबाई आणि सखुबाई येऊन थांबल्या. त्याने दात आवळले आणि वाजवायला लागला. एक, दोन, तीन, चार. अगदी सारखे, घड्याळासारखे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चौथा ठोका वेळेवर पडत होता. मुद्दामच तसं वाजवत होता तो. तो हात पुन्हा कुणी ओळखू नये, एवढंच त्याला हवं होतं.

लांब समुद्रावर मशीनचा आवाज बंद झाला. होडी कान लावून थांबली होती. पण पुढे येईना. बराच वेळ गेला.

"ह्या कोन वाजवतंय?" सखुबाई घाबरून म्हणाली. "महादूला कसा कलंल? तुज्यासारका वाजव ना रं!"

चंदू रडायला लागला. रडत रडतच त्याने हात सैल सोडला आणि चौथा ठोका धावत पुढे गेला. एकदा, दोनदा, पुन्हा. धुक्यात मशीन सुरू झालं. आवाज सरळ खाडीकडे येऊ लागला, आणि थोड्या वेळाने होडीचं नाक दिसलं. सुकाणूवर महादू नव्हता. तो पुढे उभा राहून हाताने दिशा दाखवत होता. सुकाणू तुळशीदासच्या हातात होतं.

होडी लागली. तुळशीदास गुडघाभर पाण्यात उतरला, मासळीची पाटी डोक्यावर घेतली आणि चंदूच्या बाजूने निघाला. शेजारी येताच तो क्षणभर थांबला. त्याने चंदूकडे बघितलं नाही.

"चौथा अजून लवकर पडतंय," तो म्हणाला, आणि चालू लागला.

चंदूने डोळे पुसले नाहीत. हात मोकळे नव्हते. अजून दोन होड्या यायच्या होत्या.